न्यूट्रल सरळ जमिनीला बांधायचा की मध्ये रेझिस्टर घालायचा?

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या चीफ इंजिनिअरनी हंगामाच्या तोंडावर फोन केला. "एलटी ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला हाय रेझिस्टन्स ग्राउंडिंग करून घ्यावं म्हणतोय. अर्थ फॉल्ट झाला तरी प्लांट बंद पडत नाही म्हणे. खरं का?"

खरं आहे. न्यूट्रल म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तिन्ही फेज जिथे एकत्र येतात तो बिंदू, एलटी म्हणजे कमी दाबाची, 415 व्होल्टची बाजू, आणि अर्थ फॉल्ट म्हणजे फेज जमिनीला किंवा मशीनच्या बॉडीला लागणं. फक्त ते विकायला येणारा माणूस पुढचं अर्धं सांगत नाही.

त्यांच्या डोक्यात आदल्या जानेवारीतली एक रात्र होती. गव्हाणीच्या (ऊस आत ओढणाऱ्या) कॅरिअरच्या मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये ओला भुसा साचला आणि एक फेज बॉडीला लागला. तेवढा फीडर, म्हणजे त्या मोटरची लाइन, पडायला हवा होता, पण वरचा इनकमर, म्हणजे सगळ्या फीडरांचा मुख्य ब्रेकरच उडाला. मिल थांबली, रस टाक्यांत तसाच राहिला, यार्डात बैलगाड्या आणि ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर गेली. अशी रात्र काढलेला माणूस "ट्रिप होत नाही" एवढंच ऐकतो.

आधी आकडे बघू. 1000 केव्हीएचा, 433 व्होल्टचा, 5 टक्के इम्पीडन्सचा (करंटला आतून होणाऱ्या अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर घ्या. न्यूट्रल थेट अर्थ केलेला असेल आणि ट्रान्सफॉर्मरजवळच फेज जमिनीला लागला, तर करंट 26,000 अँपिअरच्या आसपास जातो. एवढ्याने बसबार वितळतो आणि पॅनेलसमोर उभा असलेला वायरमन भाजतो. हाय रेझिस्टन्समध्ये न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये रेझिस्टर असतो. 415 व्होल्टच्या सिस्टिमवर फेज ते न्यूट्रल 240 व्होल्ट. 48 ओहमचा रेझिस्टर घातला की फॉल्ट करंट 5 अँपिअरवर अडतो. रेझिस्टरमध्ये 1200 वॅट जळतात, म्हणजे घरच्या इस्त्रीएवढी उष्णता. मशीन चालू राहतं, हूटर वाजतो, आणि फॉल्ट शोधायला तुम्हाला वेळ मिळतो. तीन फेजचा शॉर्ट झाला तर मात्र रेझिस्टरचा काही उपयोग नाही. पण बहुतेक फॉल्ट सुरू होतात ते एका फेजपासून जमिनीकडे.

न्यूट्रल अजिबात अर्थ न करण्याचा तिसरा पर्याय कुणी सुचवला तर हात जोडा. ठिणगी लागून-तुटून चालणाऱ्या फॉल्टमध्ये तिथे व्होल्टेज नेहमीच्या पाच-सहा पटीपर्यंत चढू शकतं, आणि एकामागून एक मोटरी जळतात. रेझिस्टर हा धोका मारतो. अट एवढीच की त्यातला करंट केबलांच्या एकूण चार्जिंग करंटपेक्षा (फॉल्ट नसतानाही केबलांतून जमिनीकडे झिरपणाऱ्या करंटपेक्षा) कमी नको.

आता न सांगितलेलं अर्धं. एक फेज जमिनीला लागला की उरलेल्या दोन फेज जमिनीच्या हिशोबाने 240 वरून 415 व्होल्टवर जातात. 1.1 केव्हीच्या केबलला काही होत नाही, पण ड्राइव्हमधल्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रातल्या) फिल्टरचा अर्थचा स्क्रू काढावा लागतो, व्होल्टेजचा झटका अडवणारे सर्ज अरेस्टर बदलावे लागतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये लोड जोडता येत नाही, त्यामुळे ऑफिस, कॉलनी आणि लायटिंगसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मरला समांतर चालणाऱ्या जनरेटरचा न्यूट्रल थेट अर्थ असेल तर रेझिस्टर नुसता शोभेला राहतो. आणि 5 अँपिअर म्हणजे हात लावायला सुरक्षित, असा समज कुणाचा असेल तर आजच काढा. माणूस मारायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो.

खरा प्रश्न हूटर वाजल्यानंतरचा. पहिला फॉल्ट तसाच ठेवून आठवडा काढला आणि दुसऱ्या फीडरवर दुसरा फेज जमिनीला लागला, तर तो फेज-टू-फेज शॉर्ट होतो, आणि भडका ठरलेला. म्हणून शोध लगेच घ्यायचा. चांगल्या पॅनेलमध्ये पल्स देण्याची सोय असते: रेझिस्टरचा काही भाग ठरावीक लयीत शॉर्ट होतो आणि फॉल्टचा करंट 5 ते 10 अँपिअरमध्ये झुलतो. टाँग टेस्टरच्या (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरच्या) जबड्यात केबलच्या आतल्या तिन्ही तारा, म्हणजे कोअर, एकत्र घ्यायचे, केबल पॅनेलला पकडणाऱ्या ग्लँडच्या वर, म्हणजे आर्मर (केबलवरचं लोखंडी कवच) जबड्याबाहेर राहील. पुष्कळजण पूर्ण केबल धरतात. आर्मरमधून परतणारा करंट आतला करंट खोडतो आणि मीटर स्वस्थ बसतं. ज्या फीडरवर आकडा लयीत वरखाली होतो, तो धरून पुढे जायचं. जिथे लय थांबते, फॉल्ट त्याच्या अलीकडे.

हे सगळं करायला रात्रपाळीत माणूस आहे का? एका ठिकाणी मी हूटरच्या तोंडात कॉटन वेस्ट कोंबलेलं पाहिलंय. "साहेब, तो सारखाच वाजतो." अशा प्लांटने थेट अर्थिंगच ठेवावं. निदान ट्रिप झालेला फीडर कुणाला नाकारता येत नाही.

कृष्णाकाठच्या कारखान्यांसाठी आणखी एक. 2019 च्या पुरासारखं पाणी केबल ट्रेंचमध्ये शिरून गेलं असेल, तर आधी मेगर करा, म्हणजे केबलांचं इन्सुलेशन मोजा. चार-पाच फीडर एकदम लीक होत असतील तर रेझिस्टर लावून शोधाशोधीचा धंदा मागे लागेल.

कुपवाड एमआयडीसीत महावितरणकडून थेट एलटी सप्लाय घेणाऱ्या सीएनसी मशीनच्या वर्कशॉपवाल्याला हा विचार करण्याची गरज नाही. तो न्यूट्रल त्याचा नाहीच. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड भट्टीत असताना कूलिंगचा पंप पडणं परवडत नाही. तिथे मी रेझिस्टरच्या बाजूने आहे. साखर कारखान्यातल्या कोजनच्या (वीजनिर्मितीच्या) 11 केव्हीच्या बाजूला मात्र फॉल्ट ठेवून प्लांट चालवायच्या भानगडीत पडू नये. काहीही ठरलं तरी ऑर्डर देण्याआधी आराखडा विद्युत निरीक्षकांना दाखवा. न्यूट्रलच्या अर्थिंगची पद्धत ही आपल्या मर्जीची गोष्ट नाही.

त्या चीफ इंजिनिअरना मी आधी रिलेचं (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग बघायला सांगितलं. गव्हाणीच्या फीडरची आणि इनकमरची अर्थ फॉल्टवर ट्रिप व्हायची वेळ एकच ठेवलेली निघाली, म्हणून त्या रात्री इनकमर उडाला होता. सेटिंग वेगळं करायला अर्धा दिवस लागला. रेझिस्टर त्यांनी मग एकाच ट्रान्सफॉर्मरला लावला, बॉयलरच्या पंप-फॅनच्या, आणि हूटर पाळीच्या इनचार्जच्या केबिनमध्ये बसवला.