बायोचार घेताना आधी विचारा, साधा का मॅग्नेशियमवाला?

तासगावजवळ आमचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत आणि त्याच पाण्यावर द्राक्षाचं ड्रिप चालतंय, पण गेले दोन उन्हाळे पाणी नुसतं हिरवंगार, फिल्टर दिवसातनं दोनदा धुवायचा. कारण घरचंच, वरच्या रानातलं डीएपी खत आणि गोठ्याचं पाणी पावसात वाहून सरळ तळ्यात. डीएपीत ४६ टक्के स्फुरद (पाण्यात ते फॉस्फेट म्हणून असतंय), पैसे आपले आणि खातंय शेवाळ.

म्हणून एका दुकानातनं उसाच्या पाचटाचा बायोचार, म्हणजे पाचट कमी हवेत भाजून केलेला कोळसा, आणला, २५ किलोची पिशवी. दुकानदार म्हणला, "फॉस्फेट सगळं ओढून घेतंय, टाका बिनधास्त." मी आधी बरणीत बघितलं. माशाच्या टाकीसाठी फॉस्फेटचं किट मिळतंय, त्याचे थेंब टाकल्यावर पाणी जितकं निळं तितकं फॉस्फेट जास्त. तळ्याच्या पाण्यात मूठभर बायोचार टाकून रात्रभर ठेवला, सकाळी फडक्यानं गाळून थेंब टाकले तर रंग कालच्यापेक्षा गडद! बायकोला बोलावून दाखवलं, म्हटलं माझेच डोळे गेले का काय.

मग वाचत बसलो. साध्या कोळशावर ऋण भार, फॉस्फेटवर पण ऋण, त्यामुळं ते चिकटतच नाही, वर पाचटातलं स्वतःचं स्फुरद पाण्यात सुटतंय ते वेगळंच. पाचट आधी मॅग्नेशियम क्लोराईडच्या पाण्यात भिजवून मग कमी हवेत भाजलं की कोळशावर मॅग्नेशियम ऑक्साईड बसतंय, फॉस्फेट धरतंय ते हे. लोखंड, कॅल्शियम वापरून पण करतात.

तसला दुसरीकडनं मागवला, जवळपास दुप्पट पैसे गेले, पण त्याच बरणीत निळा रंग अगदी फिका पडला. तळ्यात मोकळा फेकू नका, कांद्याच्या जाळीच्या पोत्याला आतनं जुनी साडी लावून भरा आणि पाणी आत येतंय त्या चारीत आडवी ठेवा. आधी धुवा मात्र, मी अंगणात धुतला, आई अजून बोलतीय.

हिरवेपणा एका दिवसात जात नाही, तळाच्या गाळातनं फॉस्फेट येतच राहतंय. महिन्याभरानं फिल्टर दोन दिवसातनं एकदा धुतोय, तेवढं पुरे.

मॅग्नेशियमवाल्याला चार स्टार. एक कापला कारण किलोला किती पाणी चालतंय हे पिशवीवर कुठंच नाही, कोळसा फॉस्फेटनं भरला का हे किटवरच बघायचं. भरलेला द्राक्षाच्या बुडात घालणार, स्फुरद हळूहळू सुटतंय. साध्याला फॉस्फेटसाठी एकच स्टार, ती पिशवी शेणखतात मिसळली.