कल्हई, भांडी बाजार, नाशिक : आईचं सतेलं पुन्हा गॅसवर चढलं

आईचं पितळी सतेलं दहा वर्षं माळ्यावर पडून होतं. काठावर टिंबाटिंबांनी तिचं नाव आणि 1968 कोरलेलं, तिच्या लग्नातलं. नाशकात अजून खरी कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर, होते का, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहितेय.

आधी मी फसले. जोडीचं पातेलं एका दुकानात दिलं होतं. त्यांनी मशीनवर बफ मारून ते आरशासारखं केलं आणि आईचं नाव निम्मं पुसून टाकलं. घरी येऊन रडले मी. आतली कल्हई तर पंधरा दिवसांत गेली, कढी कळकली, म्हणजे आंबट पितळेला लागून चव बिघडली.

मग सतेलं घेऊन भांडी बाजारात गेले. आतल्या बोळात एक वयस्कर कारागीर अजून कोळशाच्या भट्टीवर काम करतात. पाटी नाही, कुठल्याही भांडीवाल्याला विचारा. त्यांनी सतेलं हातात घेतलं आणि आधी नावावरून बोट फिरवलं. "ताई, बाहेरून काही लावत नाही. घरी चिंच-मीठ लावून घासा." तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

समोर बसून सगळं पाहिलं. चांदवडला आमच्या लहानपणी घटस्थापनेच्या आधी कल्हईवाला यायचा. नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेला घरोघरी पाहुणे, म्हणून गल्लीतली सगळी पातेली पिंपळाखाली जमायची. भाता ओढायला कोण बसणार यावरून आम्हा पोरांची भांडणं. तापल्या भांड्यात नवसागराची पूड पडली की पांढरा धूर भसकन वर यायचा, नाकात झिणझिण्या. आई ओट्यावरून ओरडायची, पण उठायचं कोण?

इथेही तोच धूर, तोच वास. तापलेल्या पितळेला कथलाची कांडी टेकवली की थेंब पाऱ्यासारखा पळतो. कापसाचा बोळा फिरला की त्याच्यामागे काळ्या तळावर चांदीसारखा पट्टा उमटत जातो. मग पाण्यात चर्रर्र.

कथील 232 अंशांनाच वितळतं. त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, फोडणीला तर नाहीच. तारेची घासणीही नको. हे त्यांनी दोनदा बजावलं. रोज वापरलं तर वर्षभर टिकेल म्हणाले.

साडेतीनशे रुपये घेतले, रोखच लागतात. तासभर थांबावं लागलं आणि बसायला जागा नाही. गाडी आत नेऊ नका, रविवार कारंज्याला उतरून चालत जा. एवढ्या कामाला हे पैसे मला कमीच वाटले.

त्याच संध्याकाळी चिंच-गुळाची आमटी केली आणि मुद्दाम रात्रीपर्यंत सतेल्यातच ठेवली. जराही कळकली नाही. आता ते अर्धं नाव राहिलेलं पातेलंही त्यांच्याकडेच नेणार आहे.