देरा दुबईतल्या ऑफिसात ओपन अरबी मॉडेल्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं छोटं ऑफिस आहे आणि माझं निम्मं काम अरबी कागदांशी पडतं. कस्टमची पत्रं, नगरपालिकेच्या नोटिसा, गोदामाचे भाडेकरार. फुसहा, म्हणजे लिखित प्रमाण अरबी, मला सावकाश वाचता येते, पण करारातलं एखादं किचकट कलम पूर्ण उलगडण्याइतकी नाही. आणि इथल्या कोर्टाची भाषा अरबी. करारावर शेजारी इंग्रजी मजकूर छापलेला असला तरी वाद झाला की अरबीच बघतात, त्यामुळे साधारण अर्थ कळून भागत नाही.

कागद उचलून ऑनलाइन चॅटबॉटला देणं सोपं आहे. पण त्यात ग्राहकांचे इन्व्हॉइस असतात, कामगारांचे पासपोर्ट नंबर असतात, पगार असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा इथे २०२१ मध्ये झालाय. तो नसता तरी दुसऱ्यांचे कागद बाहेर पाठवायला मन झालं नसतं. म्हणून गेल्या रमजानच्या आधीपासून ओपन मॉडेल्स, म्हणजे चॅटबॉटमागची पण कुणालाही उतरवून घेता येणारी भाषा-मॉडेल्स, ऑफिसच्याच कम्प्युटरवर चालवतोय. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि लामा-सीपीपी (मॉडेल चालवणारा प्रोग्रॅम), एवढाच सरंजाम.

आधी हिशेब. ७ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकून जमवलेल्या तेवढ्या आकड्यांचं, मॉडेल एकेक आकडा १६ बिटांत ठेवला तर नुसत्या त्या आकड्यांनाच १४ जीबी लागतात, म्हणजे माझ्या कार्डावर मावत नाही. तेच ४ बिटांत आणलं की साडेचार जीबीच्या आसपास येतं आणि लांब मजकुरासाठी जागा उरते. इंग्रजीपेक्षा अरबीत या कपातीचा फटका जास्त बसेल अशी धास्ती होती. पत्रं, नोटिसा, सारांश यांत मला तरी फरक जाणवला नाही. करारांसाठी मात्र ८ बिटांचंच वापरतो.

पण माझ्या मते खरी काटकसर बिटांत नाही, टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे तुकडे (टोकन) पाडणाऱ्या भागात आहे, आणि निवडताना लोक नेमकं तेच बघत नाहीत. अरबीत 'आणि', 'साठी', 'त्याचं', 'तिला' हे सगळं शब्दालाच चिकटतं. 'आणि ते ती लिहितील' एवढं वाक्य एका शब्दात मावतं. आपल्याकडे 'घरासमोरच्यांनासुद्धा' होतं तसंच. मेटा कंपनीच्या लामा-२ मॉडेलचा ३२,००० तुकड्यांचा शब्दसंग्रह मुख्यतः इंग्रजीसाठी बनलेला, त्यामुळे तो अरबी शब्दाची जवळजवळ अक्षरं अक्षरं करतो. मजकूर तेवढाच, पण टोकन कितीतरी पट. वेळ जास्त, मेमरी जास्त, आणि कराराचं शेवटचं पान येईपर्यंत पहिलं पान मॉडेलला एका वेळी ध्यानात धरता येणाऱ्या मजकुराच्या बाहेर.

यावर गेल्या काही वर्षांत जे काम झालंय त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अबू धाबीचं एमबीझेडयूएआय विद्यापीठ आणि इन्सेप्शन व सेरेब्रास या कंपन्या यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये १३ अब्जांचं 'जैस' खुलं केलं. एमिरातीतल्या सर्वांत उंच डोंगराचं नाव. त्याचा शब्दसंग्रह अरबी आणि इंग्रजी दोन्ही धरून नव्याने बांधलेला, ८५ हजारांच्या जवळचा. चांगला अरबी मजकूर पुरेसा मिळेना, तेव्हा इंग्रजीतून भाषांतर करून भर घातली, तरी ७२ अब्ज टोकनच जमली. मॉडेलला शिकवताना तीच १.६ वेळा फिरवून ११६ अब्ज केली आणि सोबत २७९ अब्ज टोकनचं इंग्रजी व कोड दिलं. चाळीस कोटींच्या आसपास लोकांच्या भाषेची वेबवरची शिदोरी एवढीच, हे वाचून मला वाईट वाटलं होतं. दुसरी वाट म्हणजे तयार मॉडेलला अरबी तुकडे जोडून पुढे शिकवायचं. मे २०२५ चं 'फाल्कन अरेबिक' तसंच आहे: फाल्कन-३ च्या ७ अब्जवाल्यात ३२,००० अरबी टोकनची भर. सौदीचं 'अल्लाम' आणि कतारचं 'फनार' हीही याच आकाराच्या आसपास मिळतात. 'ओपन' लिहिलंय म्हणून लगेच कामाला लावू नका, परवाना वाचा. 'कमांड आर-७बी अरेबिक' उतरवता येतं, पण त्याचा परवाना व्यावसायिक वापराला नाही, म्हणून ऑफिसात ते घेतलं नाही.

यातली काही मी आलटूनपालटून वापरतो. आता त्रुटी. त्या कुणा एका मॉडेलच्या नाहीत, या आकाराच्या सगळ्यांतच कमीअधिक दिसतात. 'अमुक झालं नाही तर, तमुक वगळता' अशी दुहेरी अट आली की अपवाद गळून पडतो आणि भाषांतर मात्र अगदी ठाम वाटतं. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस, इजिप्तचा. त्याचा बोलीतला मेसेज बहुधा कळतो, उत्तर मात्र कडक फुसहात येतं. तोच मेसेज रोमन लिपीत, 'ऐन' या अरबी अक्षरासाठी 3 आणि 'हा' या अक्षरासाठी 7 असे आकडे घालून आला, तर भरवसा नाही. सौदीहून आलेल्या कागदावरची हिजरी तारीख मॉडेलला बदलायला सांगूच नका, त्याला साधा प्रोग्रॅम पुरतो.

निम्म्या चुका तर मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात. पीडीएफमधून काढलेला अरबी मजकूर कधी उलटा येतो. ओळ भरायला अक्षरं ताणणारी कशिदा-रेघ शब्दाचे भलतेच तुकडे पाडते. स्कॅनमध्ये अरबी पाच गोल, म्हणजे दिसायला आपलं शून्यच, आणि अरबी शून्य नुसता ठिपका. धुळीचा कणही शून्य होऊन बसतो. मी आधी कशिदा काढतो, अलिफ या अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करतो आणि रकमा मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडतो. एवढ्यानेच जो फरक पडला, तो मॉडेल बदलूनही पडला नव्हता.

मराठीत असं काही हवं असणाऱ्यांनी या प्रकल्पांचे शोधनिबंध जरूर वाचावेत. जैसच्याच मंडळींनी 'नंदा' हे हिंदी मॉडेल केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची घोषणा मुंबईत झाली. देवनागरीचे तुकडे करण्याची पंचाईत तिथेही हीच.

घ्यावं का? रोजची पत्रं समजून घ्यायला, उत्तराचा कच्चा मसुदा करायला आणि ढीगभर कागदांतून कामाचा कागद शोधायला जरूर घ्या. कोर्टात द्यायचं भाषांतर परवानाधारक भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं लागतं. कार्ड ८ जीबीचं असलं तरी ७ अब्जवालं ४ बिटांत बसेल; फक्त अख्खा करार एकदम देऊ नका, एकेक कलम द्या आणि व्याख्यांचं पान प्रत्येक वेळी सोबत जोडा.