घरच्यांचं ऑइल पेंटिंग करून घेतलं, बडोद्यातला अनुभव (५ पैकी ४ स्टार)

हॉलमध्ये लावायला घरच्या सगळ्यांचं एक मोठं ऑइल पेंटिंग करून घेतलं, आता लागलंय भिंतीवर, म्हणून लिहितेय. आर्टिस्ट इथल्याच फाइन आर्ट्समधून शिकलेले, रावपुऱ्यात वरच्या मजल्यावर स्टुडिओ, जिना फारच उभा आहे, म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर आधी बघून या. साइज ४ बाय ३ फूट, माणसं ७, फ्रेम सोडून ५५ हजार. महाग आहेच, बाबा अजून कुरकुरतात.

आधी एका गॅलरीत विचारलं होतं, तिथे १२ हजारात 'हँडमेड' देतो म्हणाले. सॅम्पल नीट बघितलं तर फोटोच कॅनव्हासवर प्रिंट केलेला आणि वरून ब्रशने पारदर्शक जेल फिरवलेली! मोबाइलने झूम करून बघा, प्रिंट असेल तर बारीक रंगीत ठिपके दिसतात, आणि ब्रशचे फटकारे चित्राशी जुळतच नाहीत, नाक एकीकडे आणि फटकारा भलतीकडेच.

आमचे आर्टिस्ट काका मात्र फोटोंच्या बाबतीत फार काटेकोर. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा एकच ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे आणि त्यात उजेड डावीकडून येतो, तर आम्हा सगळ्यांना खिडकीशी तसंच उभं करून त्यांनी स्वतः फोटो काढले, तेही लांबून झूम करून, कारण मोबाइल जवळ धरला की नाक मोठं येतं. उजेड एकाच बाजूचा नसेल तर गेलेलं माणूस नंतर कापून चिकटवल्यासारखं दिसतं म्हणे, आणि खरंच तसं दिसलेलं मी एका नातेवाइकांकडे पाहिलंय. वहिनीने हौसेने नथीतला सेल्फी पाठवला, तो बघून लगेच म्हणाले, बेन, नथ उजव्या नाकपुडीत कशी? फ्रंट कॅमेऱ्याने उलटा सेव्ह झाला होता, आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आजीला जिना झेपणार नाही म्हणून स्वतः दांडिया बाजारला घरी आले. ती अवघडून बसली होती तर म्हणाले, बा, तमे तमारुं काम करो ने. मग ती आपली कापसाच्या वाती वळत बसली, त्यांच्याशी मराठीत बोलत, ते गुजरातीत. चित्रात तेच हात आलेत, अंगठ्यापाशी दाबलेला कापूस आणि फुगलेली शीर सुद्धा. त्या एका हातासाठी पैसे वसूल, बाकी काही असो.

त्यांनीच सांगितलं होतं, आधी लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या फतेसिंह म्युझियममध्ये रविवर्मांची राजघराण्याची पोर्ट्रेट्स बघून या. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८१च्या सुमारास त्यांना बडोद्याला बोलावलं होतं, हे शाळेपासून ऐकतोय पण शेवटचं कधी बघितलं होतं आठवेना. तिथे कुणी दात दाखवून हसत नाहीये, नुसतं शांत बघतायत, आणि तरी चेहऱ्यावरून नजर हटत नाही. परत आल्यावर 'सगळे हसरे हवेत' ही आमची अट आम्हीच काढून टाकली.

आधी कोळशाने काढलेलं स्केच दाखवतात, बदल काय ते तेव्हाच सांगायचे, रंग लागल्यावर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे. बाबांनी पोट कमी करायला सांगितलं, ते थोडंसंच केलं.

आता तक्रारी. दसऱ्याला देतो म्हणाले आणि दिलं दिवाळीनंतर. ऑइलचा थर हवेत हळूहळूच वाळतो, वरून पावसाळा, मान्य, पण मग तारीख तशी द्यायची ना, आम्ही विचारल्याशिवाय एक फोन नाही. आणि फ्रेम त्यांच्याच ओळखीच्या फ्रेमवाल्याकडून केली, दोन कोपऱ्यांत चक्क फट आहे. फ्रेम बाहेरून करा, आणि काच अजिबात बसवू नका, ऑइलला लागत नाही. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवरही लावू नका. पक्कं व्हार्निश लगेच करत नाहीत, रंग आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष जातं, तेव्हा ते येऊन करून देणार. हे पैशात धरलंय का ते आधीच बिलावर लिहून घ्या, आमच्या बिलावर आहे.