ब्रिएन्झ: वाफेच्या गाडीसाठी एक अख्खा दिवस द्याच

स्वित्झर्लंडला जाणारे आपले बहुतेक लोक इंटरलाकेनला राहतात, युंगफ्राउयोखच्या बर्फात वर जाऊन येतात आणि ल्युसर्नला जाताना गाडीच्या खिडकीतून ब्रिएन्झच्या तळ्याचे फोटो काढून पुढे जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथे उतरा. इंटरलाकेनहून जेमतेम वीस मिनिटांवर आहे, आणि उतरलात की एका बाजूला बोटीचा धक्का, रस्त्यापलीकडे रोथोर्नच्या शिखरावर जाणाऱ्या गाडीचं स्टेशन, म्हणजे सामान ओढत फिरायचं कामच नाही.

ही गाडी १८९२ ची. आजूबाजूच्या बहुतेक डोंगरगाड्या विजेवर गेल्या, ही अजून मुख्यतः वाफेवर चालते. स्टेशनात इंजिन नीट बघा, बॉयलर पुढच्या बाजूला चक्क खाली झुकलेला दिसतो, कारण चढाला लागलं की तो सरळ होतो आणि आतलं पाणी सगळीकडे सारखं राहतं. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे, त्यात इंजिनाखालचं दातेरी चाक अडकतं आणि मग ते इंजिन डबे मागून ढकलत ढकलत ७.६ किलोमीटरमध्ये जवळपास १,६८० मीटर वर चढवतं, तासभर लागतो. मध्ये प्लानाल्पला पाणी भरायला थांबतात, तेव्हा इंजिनाच्या जवळच्या डब्यात असाल तर गरम तेल आणि वाफेचा तो वास येतो ना, त्यासाठी मी परत जाईन. वर हवा मोकळी असेल तर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं समोर, आणि खाली तळं इतकं हिरवंनिळं की फोटो एडिट केल्यासारखं वाटतं (हिमनद्यांनी दळलेल्या दगडाची बारीक पूड पाण्यात तरंगते म्हणून तो रंग).

आता खटकलेलं. तिकीट महाग आहे, स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांसाठीचा रेल्वे-बस-बोटींचा पास) पन्नास टक्के सवलत मिळते तरी खिशाला कळतंच. सगळ्या फेऱ्या कोळशाच्या नसतात, बरीच इंजिनं तेलावर वाफ करतात आणि काही फेऱ्यांना डिझेल लागतं, तेव्हा काउंटरवर विचारूनच फेरी निवडा. डबे अरुंद, गुडघ्याला गुडघा लागतो. आणि वर धुकं असेल तर सगळे पैसे पाण्यात, म्हणून आधी शिखरावरचा वेबकॅम बघा आणि मगच तिकीट काढा.

दुपारी बोटीने गीसबाखच्या धबधब्याला जा, बोट पासमध्ये येते. १९१४ ची लोएचबर्ग नावाची, बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे ढकलत चालणारी आगबोट त्या दिवशी असेल तर तीच पकडा, तिचं इंजिन चालताना आत डोकावून बघता येतं. धक्क्यावरून वर जायला १८७९ ची फ्युनिक्युलर आहे, एकाच दोराला दोन डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि मधोमध एकमेकांना वाट देतात. वर धबधब्याच्या मागून चालत जायची पायवाट आहे, रेनकोट घ्या.

गावात ब्रुनगास नावाची गल्ली तेवढी चुकवू नका, जुनी लाकडी घरं आणि खिडक्याखिडक्यांत फुलं. लाकूडकामाची परंपरा मोठी आहे, कोरीवकाम शिकवणारी शाळाही इथेच आहे.

रोथोर्नची गाडी साधारण जून ते ऑक्टोबर एवढीच असते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ब्रिएन्झचं बरंच नुकसान झालं होतं, त्यामुळे वेळापत्रक बघूनच निघा आणि शक्यतो सकाळची पहिलीच फेरी धरा, दुपारनंतर ढग येतात.