पगाराच्या स्लिपवर नाव सरकारचं, पैसे ठेकेदाराचे

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूर, जिथे कुठे ठेकेदाराच्या नावावर पहिल्यांदाच कामाला लागला असाल, तिथे पहिली पगाराची स्लिप हातात पडली की खालचा आकडा बघून घडी घालून ठेवू नका. खरी गंमत कपातीच्या रकान्यात असते. तिथे चोरी पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), पीटी अशा सरकारी नावांनी लिहिलेली असते, त्यामुळे सहसा कुणी विचारायलाच जात नाही. सरकारने कापले म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?

2024च्या पावसाळ्यात चाकणच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी असेंब्ली लाइनवर लागले. कंपनी मोठी, पण आम्ही कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या. ठरलेला पगार 15,000. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 13,000, बाकी 2,000 इतर भत्ते. ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे, वेगळा. पहिल्या महिन्यात ओटी बऱ्यापैकी झाला, म्हणून पगाराकडे डोळे लागलेले. खात्यात आले 12,123.

स्लिप मागितल्यावर आठवड्याने मिळाली. एका पानावर सहा-सात जणींचा हिशोब छापून कात्रीने कापलेली बोटभर रुंदीची पट्टी, त्यावर इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं. ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 15,000. ओटी 30 तास, 2,160. मग कपात: पीएफ-ईई 1,560, पीएफ-ईआर 1,690, ईएसआय-ईई 129, ईएसआय-ईआर 558, पीटी 200, युनिफॉर्म आणि शूज 900. एकूण 5,037.

सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "अगं ताई, पीएफ म्हणजे तुझेच पैसे. सरकारकडे जमा होतात, उद्या व्याजासकट मिळतील. उलट जास्त कापले तर तुझाच फायदा." बोलणं इतकं गोड की आमच्यातल्या दोघी-तिघींनी मानही डोलावली.

आमच्या खोलीवर राहणारी एक जण दुसऱ्या कंपनीत पेरोलचं काम बघते. तिने पट्टी हातात घेतली आणि पहिल्यांदा 'ईआर'वर बोट ठेवलं. ईई म्हणजे कामगार, ईआर म्हणजे मालक. पीएफमध्ये कामगाराच्या बेसिक आणि महागाई भत्त्यातून 12 टक्के कापतात. 13,000चे 1,560, ते बरोबर. मालकाने आपले 12 टक्के वर घालायचे असतात, शिवाय प्रशासन खर्च आणि विमा मिळून आणखी एक टक्का. हे 13 टक्के, म्हणजे 1,690, मालकाच्या खिशातून जायला हवेत. ते कामगाराच्या पगारातून कापणं पीएफच्या कायद्यात सरळ बंद आहे. ईएसआयसीचंही तेच. कामगाराचा वाटा 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के. माझ्याकडून दोन्ही घेतले होते. 'सीटीसीमध्ये (मालकाचा वाटा धरून कामगारावर होणाऱ्या एकूण खर्चात) धरलंय' असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा, ठरवताना 15,000 ग्रॉस सांगितले होते की सीटीसी? आम्हाला ग्रॉस सांगितले होते.

मग पीटी, म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषांचे महिन्याला 200 जातात, फेब्रुवारीत 300. पण 1 एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच, एकीचाही पगार पंचवीस हजारांच्या जवळपास नाही, आणि प्रत्येकीचे 200 कापलेले. जो कर आमच्यावर नाहीच, तो सरकारकडे भरणार तरी कसा? हे दोनशे रुपये मला सगळ्यात जास्त लागले. रक्कम मुद्दाम इतकी लहान की त्यासाठी कुणी सुट्टी टाकून ऑफिसात जाणार नाही.

ओटीचा हिशोब आम्हीच फोनवर केला. 15,000 भागिले 26 दिवस, भागिले आठ तास, म्हणजे तासाला साधारण 72 रुपये. ठेकेदाराने 72 नेच दिले होते. कारखान्यात ओटी दुप्पट दराने द्यावा लागतो. 1948च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या त्यातही दुप्पटच आहे. म्हणजे 30 तासांचे 4,327 व्हायला हवे होते. आणि सेफ्टी शूज हे सुरक्षेचं साधन, ते कामगाराला फुकट द्यायचं असतं. सगळं नीट धरलं तर हातात 17,600 च्या वर यायला हवे होते. साडेपाच हजारांचा फरक, तोही पहिल्याच महिन्यात.

आता खरा प्रकार. आम्ही हिशोब घेऊन गेलो तेव्हा ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "अजून भरणा व्हायचाय, पासबुकात दिसेल सगळं." यात अर्धं खरं होतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे पगाराच्या दिवशी पासबुक रिकामं दिसलं म्हणून लगेच ओरडण्यात अर्थ नाही. 15 तारीख जाऊ दिली, आणखी थोडं थांबलो, मग यूएएन नंबर (पीएफचा कामगाराचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक उघडलं.

पासबुकात तीन आकडे असतात: कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शन. मालकाचा वाटा नेहमी कमी दिसतो, त्याने दचकू नका. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात आणि उरलेलेच त्या रकान्यात दिसतात. 13,000 वर माझे आकडे 1,560, 477 आणि 1,083 असे यायला हवे होते. आले 780, 239 आणि 541. त्यापुढे पगार दाखवला होता 6,500.

म्हणजे कागदावर मी अर्धा महिना गैरहजर! पीएफच्या विवरणपत्रात बिनपगारी दिवसांचा एक रकाना असतो, त्यात दिवस वाढवले की भरायची रक्कम आपोआप कमी होते. माझ्याकडून पीएफच्या नावाने 3,250 घेतले, विमा-प्रशासन धरून भरले 1,625. बरोबर निम्मे. म्हणजे मालकाचा वाटा मीच भरला, माझाही मीच भरला, आणि वर ठेकेदाराला तेवढेच पैसे उरले. लाइनवरच्या बाकीच्यांची पासबुकं उघडली तर सगळ्यांची हीच तऱ्हा. एकीला तर यूएएनच काढलेला नव्हता.

कंपनीच्या एचआरने आधी ठरलेलं उत्तर दिलं: तुम्ही आमच्या रोलवर नाही. पण कंत्राटी कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने पगार कमी दिला तर उरलेला मूळ कंपनीने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आम्ही तोंडी बोलणं थांबवलं. सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज केला, सोबत स्लिप, बँकेची नोंद, पासबुकाची प्रिंट आणि आमच्या पंचिंगच्या तारखा जोडल्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच द्यायला टाइम ऑफिसमधला माणूस का-कू करत होता. शिक्का बसल्याशिवाय आम्ही जागच्या हललो नाही. त्याच दिवशी पीएफची तक्रार ईपीएफआयजीएमएस या पीएफ कार्यालयाच्या तक्रारींच्या साइटवर ऑनलाइन टाकली. त्यासाठी ऑफिसात जावं लागत नाही, यूएएन आणि मोबाइल पुरतो.

शिक्क्यानंतर चक्रं फिरली. 'ईआर'चे दोन्ही पैसे पुढच्या पगारात 'अरिअर्स' म्हणून आले, पीटीचे 200 पण आले. काही आठवड्यांनी पासबुकात राहिलेल्या पगाराची नोंद पडली. शूजचे पैसे परत नाहीत. "वापरलेत ना?" हे त्यांचं उत्तर. आमच्यातल्या दोघींना मात्र 'काम कमी आहे' सांगून पुढच्या महिन्यात घरी बसवलं. अर्जावर वरच सही असलेल्या दोघी होत्या त्या. म्हणून आता जे अर्ज करतील त्यांनी सह्या एकाखाली एक न करता गोलात कराव्यात, पहिली कोण ते कळत नाही.

आणखी एक सांगते. ते पैसे परत देताना ठेकेदाराने सगळ्यांकडून एका छापील कागदावर सही मागितली: 'माझा संपूर्ण हिशोब मिळाला, कोणतीही तक्रार नाही.' खाली रक्कम कोरी. आम्ही त्यावर मिळालेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली, 'ओटीचा फरक बाकी' असं पेनाने टाकलं, कागदाचा फोटो काढला आणि मगच सही केली. ओटीची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दिली आहे, आणि तिथे सुनावणीच्या पहिल्या तारखेला ठेकेदाराने पुढे केलेला कागद तोच होता, आमच्या पेनाच्या ओळीसकट.