बॅकयार्डमधली तेलाची टाकी आणि आमचे १४,२५० डॉलर

न्यू जर्सीत जुनं घर विकायला काढलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. टाकी काढणाऱ्या कंत्राटदाराने गळतीचा बनाव करून आम्हाला लुटलं. लाज इतकी वाटते की बायकोच्या माहेरी अजून सांगितलेलं नाही.

घर १९५८ चं, हीटिंग तेलावरून केव्हाच गॅसवर गेलेलं. खरेदीदाराने टँक स्वीप (जमिनीखाली टाकी आहे का याची तपासणी) करवला आणि जमिनीत जुनी ऑइल टँक निघाली. आम्ही घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने अवाक्षर काढलं नव्हतं. टाकी काढल्याशिवाय क्लोजिंग (घराचा अंतिम व्यवहार) नाही, असं समोरचा वकील अडून बसला. इन्शुरन्सने हात वर केले. बहुतेक पॉलिसींत हा खर्च वगळलेलाच असतो. तुमची आजच काढून बघा.

टाकी काढायचे दोघा कंत्राटदारांनी २,४०० आणि २,७५० सांगितले होते, ज्याला काम दिलं त्याने १,८५०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

टाउनशिपचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, इन्स्पेक्टर अकराला यायचा होता. कंत्राटदाराच्या माणसांनी सकाळी सातलाच खोदायला घेतलं. साडेआठला मला बोलावून टाकीच्या तळाची तीन भोकं दाखवली. ती भोकं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. गंजून पडलेल्या भोकाची कड तपकिरी, पातळ, कुरतडल्यासारखी असते. या भोकांची कड चकचकीत होती आणि पत्रा आत वळलेला. बाहेरून टिकाव मारल्याशिवाय पत्रा आत वळत नाही! मी फोटोही काढले, ते आज माझ्याकडे आहेत. पण सांगलीत वाढलेल्या माणसाने घराच्या आवारात पाण्याची टाकी पाहिलेली असते, तेलाची नाही. शेजारी खड्ड्यात तेलाचा वास येतोय, क्लोजिंगची तारीख डोक्यावर आहे, अशा वेळी पत्र्याची कड कोण तपासतं?

इन्स्पेक्टर यायच्या आत टाकी ट्रकवर चढून गेलीसुद्धा. त्याने रिकामा खड्डा पाहिला, काही शेरा न मारता सही केली. त्याच खड्ड्यातली माती ‘दूषित’ असल्याचा लॅब रिपोर्ट यांनी संध्याकाळी आणला. मातीच्या तपासणीला सहसा दिवस लागतात, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट क्वचितच येतो. माती उचलायचे १२,४०० डॉलर मागितले आणि वर दटावलं, “राज्याला कळवलंत तर घर विकलंच जाणार नाही.” खरं तर गळती पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनवर कळवावीच लागते. तिथे केस नंबर मिळतो, आणि तो नसेल तर शेवटी ‘नो फर्दर अ‍ॅक्शन’ लेटर (आणखी काही करायची गरज नाही, असं खात्याचं पत्र) येतच नाही. केस नंबर दाखवत नाही त्याला एक डॉलरही देऊ नका.

आम्ही दिले. लेटर आलं नाही. आमच्या वकिलाने लॅबला फोन केला तेव्हा कळलं की आमच्या पत्त्याचं सँपल तिथे कधी पोचलंच नव्हतं. माती कुठे टाकली, त्याच्या वजनाच्या पावत्या मागितल्या, त्याही नाहीत. दुसऱ्या सर्टिफाइड माणसाकडून खड्ड्याच्या कडेची, यांनी हात न लावलेली माती तपासून घेतली. स्वच्छ निघाली!

मग सरकारी दारं. टाउनशिप म्हणते, आमचं काम परमिटपुरतं. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. तिसरीकडे फॉर्म भरून घेतला आणि उत्तर आलं की कंत्राटावर तुमची सही आहे. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी तर गळतीच झाली नाही, मग तक्रार कसली, असं विचारलं. अहो, गळती झाली नाही हीच तर तक्रार आहे! टॅक्स थकला तर नोटीस पाठवायला यांना वेळ असतो. फोटो, रिपोर्ट, चेकची नक्कल सगळं पुढ्यात ठेवलं तरी एकाने कागद हातात घेतला नाही. परमिट देताना फी घेता, मग टाकी न बघता सही कशी होते?

स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ५,००० डॉलर, म्हणून स्पेशल सिव्हिल पार्ट या त्याहून मोठ्या दाव्यांच्या कोर्टात दावा लावला आहे. तिथे २०,००० पर्यंत चालतो. ग्राहक फसवणूक कायद्यात तिप्पट भरपाईची तरतूद आहे, ती या मर्यादेत बसेल तेवढी मागणार आहे.

टाकी काढणारा आणि माती साफ करणारा एकच ठेवू नका. सँपलच्या बाटल्या तुमच्यासमोर सील होऊ द्या, लॅबला स्वतः फोन करा. आणि इन्स्पेक्टर येईपर्यंत टाकी ट्रकवर चढू देऊ नका, कामगार कितीही घाई करोत.